आल्याचं विरजण

ओट्याच्या कोपऱ्यात, पिठाच्या डब्यामागे, तोंडाला फडकं बांधलेली एक बरणी होती. चहाची साखर काढता काढता सावित्रीचं तिकडे लक्ष गेलं आणि तिचा हात डब्यातच राहिला. बरणीतल्या पाण्यातून बुडबुडे येत होते. खाली विस्तव नाही, कोणी ढवळत नाही, आणि पाणी आपलं फसफसतंय. तिने फडकं वर करून नाक आत घातलं. आंबूस, तिखट, गोडसर असा भपकारा आला आणि सावित्रीच्या मनात पाल चुकचुकली.

फेस कशाला येतो हे तिला कोणी शिकवायला नको होतं. काजूच्या बोंडांचा रस मडक्यात ठेवला की दुसऱ्या दिवशी त्याला फेस येतो, आणि फेस आला की तो भट्टीवर चढतो, हे या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिच्या माहेरी काजूची बाग होती. तो रस तिने लहानपणी पाहिला होता आणि त्याने माणसांचं काय होतं ते लग्नानंतर पाहिलं होतं. फेस म्हणजे दारू, हे तिचं साधं गणित होतं. ते आजवर कधी चुकलेलं नव्हतं.

"रिया, ह्या काय गो?" तिने हाक मारली.

सून मागच्या दारी पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होती. पदराला हात पुसत आत आली. "ता होय? आल्याचा विरजण, आई."

"आल्याचा विरजण? दूध खंय आसा तेच्यात?"

रिया हसली. इथेच ती चुकली. सावित्रीला हसण्याचा राग नव्हता, पण विचारलेल्याचं उत्तर देण्याआधी जो हसतो त्याच्याकडे ती नीट बघून घेत असे.

घरामागच्या दोन खोल्यांत पाहुणे उतरायचे. वालावलच्या पलीकडे, कर्ली नदीच्या काठावरचं गाव. खाडीतून होडीने फिरायला पुण्या-मुंबईची माणसं येत, आणि ही सगळी उठाठेव रियाने सुरू केलेली. सोलकढी आणि कोकम सरबत सगळीकडेच मिळतं, म्हणून आता हिने आल्याचं फसफसणारं पेय काढलं होतं. पाहुणे त्याला जिंजर बियर म्हणत. किसलेलं आलं आणि साखर रोज थोडी थोडी पाण्यात घालायची, चार-पाच दिवसांत ते पाणी जिवंत होतं. मग आलं-साखर उकळून, निववून, लिंबू पिळून, गाळून त्यात हे विरजण घालायचं आणि बाटल्या भरायच्या. रियाने सगळं समजावून सांगितलं. सावित्रीने ऐकून घेतलं आणि त्यातला ‘जिवंत होतं’ एवढा शब्द मनाशी बांधून ठेवला.

"पण एक सांगान ठेवतंय, आई," रिया शेवटी नवऱ्याबद्दल म्हणाली. "ह्या ह्यांका देवचा नाय हां. चुकान पण नको."

"कित्याक? पावण्यांक चलता, मगे घरच्या माणसाक कित्याक चलणा नाय?"

"तेच्यात चढणारी वस्तू नखाएवढी का होयना, तयार जाताच. दोन दिवसांत फ्रिजात ठेवला तर अगदीच थोडी. पण ह्यांका तितकी पण नको."

झालं. सावित्रीच्या अंगावर काटा आला. म्हणजे ही पोरगी स्वतःच्या तोंडाने कबूल करते आहे की घरात दारू शिजते, आणि वर मलाच बजावते आहे! उद्या काही झालं तर म्हणायला मोकळी, की आई, मी तुम्हाला सांगितलं होतं.

दीपेश हा सावित्रीचा एकुलता एक मुलगा, रियाचा नवरा. पाहुण्यांना होडीतून फिरवायचं काम त्याचं. मागच्या वर्षी शिमग्यानंतर तो रक्त ओकला. कुडाळच्या डॉक्टरांनी सावित्रीला बाहेर बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "आता एक घोट जरी पोटात गेला तरी मी काही करू शकणार नाही. हा मुलगा तुम्हाला हवा असेल तर घरात बाटली येऊ देऊ नका." घरी आल्यावर देवळाचे मानकरी असलेल्या भाई गावकरांनी त्याला रवळनाथाच्या देवळात उभं करून, हातात नारळ देऊन, दारू सोडल्याचं वदवून घेतलं. तेव्हापासून दीपेश जेवायला लागला होता, गालांवर मांस धरायला लागला होता. सावित्रीचा सगळा जीव त्या एका घोटावर टांगलेला होता, आणि तो घोट आता तिच्याच ओट्यावर पिठाच्या डब्यामागे फसफसत होता.

मग तिने सुनेवर डोळा ठेवला.

रियाच्या वागण्यात संशय घ्यावा असं काय काय आहे हे बघायला बसलं की सापडतच जातं. बाटल्या प्लास्टिकच्याच घ्यायची. पाहुण्यांनी काचेच्या टाकल्या की पोत्यात भरून भंगारवाल्याला देऊन टाकायची. "काचेत वारो कोंडलो की बाटली फुटता, आई, डोळ्यांत जाता," असं चारचारदा सांगायची. बाटली गळ्यापर्यंत कधी भरायची नाही, वर चार बोटं जागा सोडायची. मग येता-जाता अंगठ्याने दाबून बघायची. मऊ असली तर बाहेर, दगडासारखी कडक झाली की लगेच फ्रिजमध्ये. मे महिन्याच्या उकाड्यात एक दिवससुद्धा जास्त ठेवायला तयार नसायची. उघडताना मोरीवर धरून टोपण हळूहळू फिरवायची, फुस्स करून वारा जाऊ द्यायची. सरबताला कोणी इतकं जपतं का? सावित्रीने आयुष्यभर कोकमाचं सरबत केलं होतं. त्याला कधी दाबून बघावं लागलं नाही.

त्यात घरातली साखर संपू लागली. डबा भरावा आणि पाहावं तर तळ दिसावा. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि ते कुठे मुरतंय हे सावित्रीला पक्कं माहीत होतं.

बाकी एरवीही ही सून तिच्या फारशी पसंतीची नव्हती. शिरोड्याची, बंदरावरची. आंब्याचा चीक लागला की हिच्या हातांना फोड येतात म्हणे! लग्नाच्या पहिल्याच वर्षी आंबे उतरवायला आली तर तोंड असं सुजलं की डोळे दिसेनात. तेव्हापासून आंब्याच्या दिवसांत ती मांगराकडे फिरकतसुद्धा नसे. आवारातल्या त्या कौलारू खोपीत, भाताच्या गवतात आंबे पिकायला घातलेले असत. ती अढी लावायची, आंबे परतायचे, पिकलेले निवडायचे, हे सगळं इतकी वर्षं सावित्रीच करत आली होती. यंदा तिचे गुडघे अगदीच धरले.

तेव्हा दीपेश म्हणाला, "आये, तू मांगरात जाव नको. गवतार पाय सरकलो तर कमरेचो काटो मोडतलो. अढी मी बघतंय."

सावित्रीला भरून आलं. ज्या पोराने आजवर आंब्याची पाटी उचलली नव्हती, तो सकाळ-संध्याकाळ अढीकडे जायला लागला, तासतासभर आंबे परतायला लागला. तिने वाडीभर सांगितलं. देवाने पोरगा परत दिला तो नुसता परत दिला नाही, धुऊन-पुसून दिला.

आणि एका दुपारी, जेवायला वाढताना, तिला तो वास आला.

दीपेशच्या तोंडाला आल्याचा वास होता. आल्याच्या मागे आंबूस असा आणखी एक वास होता. तो तिने वीस वर्षं नवऱ्याच्या तोंडाला ओळखला होता. तिच्या हातातली पळी भातावरच थांबली.

"खोकलो झालो, आये. आला चघळलंय," तिने न विचारताच तो म्हणाला आणि खिशातली वेलची तोंडात टाकली. डोळे थोडे लाल होते. पण हसला अगदी गोड.

तिने सुनेकडे पाहिलं. रिया मान खाली घालून भात कालवत होती. सावित्रीला आणखी पुरावा नको होता. हीच देते. वर बजावते आणि आतून देते. का देते हेही तिने ठरवून टाकलं. नवरा शुद्धीत नसला की घर बायकोच्या हातात. पाहुणे हिचे, खोल्या हिच्या, उद्या घरही हिचं. संशयाचं एक बरं असतं, त्याला खायला काहीही चालतं.

खात्री करावी म्हणून दुसऱ्या दिवशी, रिया बाजारात गेलेली बघून, तिने फ्रिजमधली एक बाटली पदराखाली घेतली आणि कोठीच्या खोलीत जाऊन टोपण फिरवलं. हळू फिरवायचं हे माहीत असूनही ती विसरली. फेस तिच्या चोळीवर, कपाळावर, पार भिंतीवरच्या कालनिर्णयावर गेला. उरलेल्यातला एक मोठा घोट तिने डोळे मिटून घेतला. नाकात झिणझिण्या आल्या, घसा तिखट झाला, दोन शिंका आल्या. मग डोकं हलकं वाटायला लागलं. त्या दिवशी तिची संकष्टी होती आणि सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, ही गोष्ट तिने हिशेबात घेतली नाही. दारूच ही, ती भिंतीला टेकून स्वतःशी म्हणाली. बाटली पदराखाली झाकून बाहेर आली तेव्हा रिया ओसरीवर पिशवी उतरवत उभी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

संध्याकाळी सावित्री भाई गावकरांच्या अंगणात जाऊन बसली. गावात कोणाचं काही हरवलं, कोणाचं जमेना, कोणाला बाधा झाली, की देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान भाईंचा. सगळं ऐकून घेऊन त्यांनी सुपारी कातरली.

"तू सुनेक ईचारलंस?"

"ईचारून सांगतली ती? देवासमोर उभी करा तिका. मगे फटाफट खरा बाहेर पडात."

"गाऱ्हाना घालूचा तर घरातली सगळी उभी रवाक व्हयी," भाई म्हणाले. "एकट्या सुनेक उभी करून देव आयकणा नाय. दीपेश, सून आणि तू. आणि मी काय म्हणतलंय ता आयक. जेना ह्या घरात दारू केल्यान, जेना लपयल्यान, तेच्यार देवाचो कोप जांव दे. तेच्यार तुमी सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणाचा. एकदा म्हटला की माघार नाय, सावित्री. देवाक दिलेलो शब्द तो."

"म्हणतंय मी," सावित्री म्हणाली. "मोठ्यान म्हणतंय."

तिला कसली भीती? कोप कोणावर व्हायचा ते ठरलेलंच होतं.

सोमवारी पाहुणे गेल्यावर दुपारी देवळात जायचं ठरलं. रियाला सांगितलं तेव्हा तिने सासूकडे सरळ पाहिलं. मग म्हणाली, "बरा. येतंय मी. उभी रवतंय." डोळ्यांत पाणी नव्हतं, म्हणून सावित्रीला आणखीच राग आला. दीपेश मात्र कावराबावरा झाला. घरातली गोष्ट गावकरांपर्यंत न्यायची काय गरज होती, म्हणून कुरकुरला. बिचारा बायकोला सांभाळून घेतोय, सावित्रीला वाटलं. मऊ मनाचा पहिल्यापासून.

सोमवारी सकाळी दीपेश पाहुण्यांना घेऊन होडीवर गेला. रिया खोल्या झाडत होती. सावित्री ओसरीवर बसून देवळात न्यायचा नारळ सोलत होती. तेवढ्यात मांगरातून धाडकन आवाज झाला. झाडावरचे कावळे उडाले. नारळ हातातून सुटून अंगणात गेला.

गुडघ्यांचं भान न ठेवता ती मांगराकडे धावली. दार लोटलं. आत गवत उधळलेलं होतं. पिकलेले आंबे फुटून त्यांचा रस भिंतीवर उडालेला, आणि दाराच्या लाकडात, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, काचेचा एक हिरवट तुकडा रुतून बसलेला. आल्याचा आणि आंबूस वास इतका की तिने पदर नाकाला लावला.

अढीचा एक कोपरा उघडा पडला होता. गवताखाली काचेच्या बाटल्या आडव्या लावलेल्या होत्या. दारूच्या जुन्या बाटल्या, फिरकीच्या टोपणाच्या, गळ्यापर्यंत भरलेल्या. बाजूला साखरेची अर्धी पिशवी आणि एक पेला.

पहिला विचार आला तो आनंदाचा, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. सापडली! सापडली चोरी! आता भाईंना इथेच बोलवून आणते, देवळाची गरजच नाही.

मग तिचा हात दाराला टेकला आणि तसाच राहिला.

काचेच्या बाटल्या. घरात काच टिकू न देणारी बाई काचेत भरील? गळ्यापर्यंत भरील? आणि गवतात, जिथे हात घातला तरी ऊब लागते, आंबे पिकतात, तिथे नेऊन ठेवील? आणि मुळात ठेवील कशी? आंब्याचा चीक लागला तर जिचं तोंड सुजतं, ती या अढीत हात घालील? महिनाभर या दाराच्या आत पाऊल टाकणारं माणूस एकच होतं. तू मांगरात जाव नको म्हणणारंही तेच. धुऊन-पुसून देवाने परत दिलेलं.

सावित्री खाली बसणार होती, तेवढ्यात मागून कोणीतरी तिला दंडाला धरून दाराबाहेर खेचलं.

"मागे सरा, आई! आजून फुटतले!"

रिया होती. झाडू हातातच. तिने आत एक नजर टाकली, धावत जाऊन विहिरीवरची गोणपाटं पाण्यात बुडवून आणली, सुपाने तोंड झाकून घेतलं आणि दारातूनच एकेक ओलं गोणपाट बाटल्यांवर फेकलं. मग घागरीने वरून पाणी ओतलं. दुसरी बाटली गोणपाटाखालीच फुटली. बद्द असा आवाज आला, काच बाहेर आली नाही. रियाच्या मनगटावर आंब्याचा रस उडाला होता आणि तिथे लाल चट्टे उठायला सुरुवात झाली होती.

"हात लावचो नाय आता कोणी. थंड होवंदे. मगे एकेक टोपण हळू ढिला करून वतून टाकूया," ती धापा टाकत म्हणाली.

कोणी ठेवल्या, हे तिने विचारलं नाही. सावित्रीच्या ते लक्षात आलं.

"तुका ठाऊक होता?"

"ठाऊक नाय होता. संशय होतो." रियाने मनगट ओल्या पदराने पुसलं. "बरणीतला विरजण रोज कमी जाय. साखर सरा. ह्यांच्या तोंडाक वास येय. माका कळला, घरातलाच कोणतरी देता."

"माका वाटला तू देतंस," सावित्री म्हणाली. एवढं तरी खरं बोलायला हवं होतं.

"आणि माका वाटला तुमी देतास." रियाने तिच्याकडे सरळ पाहिलं. "त्या दिवशी तुमच्या पदराखाली बाटली बघलंय. मी म्हटलंय, आवस ती. पोटचो झील मागता तर नाय कशी म्हणात? लाडान देता थोडी थोडी. तुमका ईचारूचो धीर झालो नाय. म्हणान गप रवलंय."

एका घरात, एका चुलीवर, दोघी महिनाभर एकमेकींवर पाळत ठेवून होत्या, आणि ज्याच्यासाठी ठेवून होत्या तो मधून चालत मांगरात जात होता. तिला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली. महिनाभर, म्हणजे किती घोट?

दीपेश दुपारी परत आला. मांगराचं दार सताड उघडं, ओली गोणपाटं, मातीत जिरणारा फेस, हे सगळं त्याने कुंपणापासूनच पाहिलं असावं. तो घरात न जाता आईला विहिरीच्या बाजूला घेऊन गेला. त्याने आवाज खाली आणला.

"आये, बघलंस मा? तिनाच लपयल्यान. माका तीच देय, मी नको नको म्हणी होतंय. तू गाऱ्हाना ठरयलंस ता बरा केलंस."

तो बोलत होता तेव्हा त्याचा चेहरा लहानपणीसारखा निर्मळ होता. हेच वाक्य ऐकायला सावित्री महिनाभर आसुसली होती. ते इतकं हातात आणून ठेवल्यासारखं मिळालं, आणि तिला वाटलं, कानांत कोणी कढत तेल ओततंय. तिने त्याच्या गालांकडे पाहिलं. ते मांस नव्हतं, सूज होती. इतके दिवस ती सुजेलाच तब्येत समजत होती.

"चल," ती एवढंच म्हणाली. "भाई थांबले आसत."

देवळात उन्हामुळे कोणी नव्हतं. भाईंनी देवापुढे नारळ ठेवला, तिघांना ओळीने उभं केलं आणि डोळे मिटून, खर्जातल्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायांकडे इली आसत. तेंच्या घरात नको ती वस्तू शिरली आसा. ती खंयसून इली, कोणी आणल्यान, ता तुका ठाऊक, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," तिघं म्हणाली.

"जेना तुझ्या समोर नारळ धरून शब्द दिल्यान, तेचो शब्द मोडूक जेना दारू केल्यान, जेना लपयल्यान, जेना पाजल्यान, तो कोण पण आसांदे, तेच्यार तुझो कोप जांव दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दीपेश म्हणाला. सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने. गाभाऱ्यात त्याचा आवाज घुमला.

रिया गप्प होती. मान खाली, ओठ घट्ट मिटलेले, चट्टे उठलेलं मनगट दुसऱ्या हाताने धरलेलं. भाईंनी डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं. ते बघणं सावित्रीला चांगलंच ओळखीचं होतं. महिनाभर तीच तसं बघत होती. भाईंना वाटलं, ही बोलत नाही म्हणजे हिच्याच पोटात पाप आहे. आणि सावित्रीला कळलं की ही पोरगी सगळं माहीत असून गप्प आहे, कारण तोंड उघडलं तर कोप तिच्या नवऱ्यावर होईल. गावाने काय समजायचं ते समजू दे, पण तेवढे दोन शब्द ती म्हणणार नाही.

"सून बोलणा नाय," भाई कठोरपणे म्हणाले. "सावित्री, तू बोल. घरातली वडील तू."

दीपेशने आईकडे पाहिलं. त्याच्या नजरेत खात्री होती. ही कधीच नाही म्हणालेली नाही, ही आत्ताही म्हणणार नाही, अशी.

ज्या शापासाठी सावित्री आठ दिवस तयार होती तो आता तिच्या जिभेच्या टोकावर आला होता, आणि पुढे तिच्या पोटचं पोर उभं होतं. तिने भाईंकडे पाहिलं नाही. ती दोन पावलं पुढे गेली आणि दगडी उंबऱ्यावर हात ठेवून थेट देवाशी बोलली.

"म्हाराजा, ह्यो माझो झील खोटा बोलता. दारू तेनाच केल्यान, तेनाच लपयल्यान. सुनेच्या पदरात काय पाप नाय." तिचा आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. "तेका मारू नको, म्हाराजा. पण तेचा आयकू नको."

कोणीच ‘व्हय’ म्हटलं नाही. देवापुढचा नारळ न फोडता तसाच राहिला.

"आये," दीपेश म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज घाबरलेला होता. तो खांबाला धरून खाली बसला आणि पुन्हा म्हणाला, "आये गो."

सावित्रीचा सगळा जीव त्या हाकेकडे ओढला गेला. तरीही ती त्याच्याकडे गेली नाही. ती रियाजवळ गेली, तिचं सुजलेलं मनगट आपल्या हातात घेतलं आणि म्हणाली, "गाडी बोलव. कुडाळाक जावचा आसा. मी धरतंय तेका, तू डाक्टरांक सगळा सांग."